फळीची खालची बाजू

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. विलासची खोड हाताची होती. वीस वर्षं तो तळवड्याच्या एका वर्कशॉपमध्ये यंत्रांसाठी लाकडी खोकी ठोकत होता, आणि फळी हातात आली की तिची गाठ असलेली बाजू आपोआप खाली जायची. वर गुळगुळीत दिसलं की साहेब खूश. खोकं बसतं जमिनीवर, खाली कोण वाकून बघतंय?

आज सकाळी दहाच्या सुमाराला त्यानं अशीच एक फळी उलटी केली आणि हातोडी तिथंच खाली ठेवली. काल त्यानं लेकीसाठी, मैत्रीसाठी, रॅम्प ठोकला होता. मैत्री पुनावळ्यातल्या सोसायट्यांच्या बागा सांभाळायची. वर बसून चालवायचं गवत कापायचं जुनं मशीन तिनं जुनी यंत्रं विकणाऱ्या रंगरावांकडून घेतलं होतं आणि आज ते त्या रॅम्पवरून टेम्पोत चढवायचं होतं. रॅम्पच्या फळ्याही त्यानं गाठी खाली घालूनच ठोकल्या होत्या. पण रॅम्पखाली जमीन नसते. वजन आलं की फळी खालच्या अंगानं ताणली जाते आणि गाठीपाशी तुटते. हे त्याला ठाऊक नव्हतं असं थोडंच! हात चालत राहिले आणि डोकं गेलं झोपायला.

अडीच क्विंटलचं मशीन. मागं उलटलं तर लेक त्याच्याखाली.

फोन गेटवर जमा. तिथवर तो धावतच गेला. तीनदा लावला, तिन्ही वेळा नुसतीच रिंग. मशीन सुरू असेल तर तिला काय कपाळ ऐकू येणार! त्यानं गाडीला किक मारली. रंगरावांची शेड दोन गल्ल्या सोडून होती, पण मध्ये एक ट्रेलर आडवा वळत होता आणि तो वळता वळेना. लेकीला लहानपणी एक चापट मारली होती, नेमकी तीच विलासला आठवत होती.

शेडपाशी पोचला तेव्हा मशीन रॅम्पच्या मधोमध होतं.

"थांब!" तो ओरडला, आणि तिथंच चुकला. मैत्रीनं त्याला पाहिलं आणि ब्रेक दाबला. सगळा भार मधल्या फळीवर उभा राहिला. फळी कडकडली.

आता थांबणं म्हणजे मरण. विलास इतका घाबरला होता की त्याला स्वतःचे पाय कळत नव्हते. तसाच तो रॅम्पखाली शिरला, गुडघे टेकले आणि पाठ फळीला लावली.

"चढव," तो म्हणाला. आवाज साधा निघाला, कसा कोण जाणे. "थांबू नको, बाळा. चढव."

पाठीवर पहाड आला. कानाजवळ लाकूड तडकत गेलं. मग भार सरकला, वर टेम्पोच्या पत्र्यावर चाकं धडधडली आणि इंजिन बंद झालं.

रंगरावांनी त्याला हाताला धरून बाहेर ओढलं. फळीला वीतभर चीर गेली होती.

"चूक माझी," विलास म्हणाला. "गाठी खाली घातल्या मी."

मैत्री टेम्पोतून उडी मारून आली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"आणि बाबा, तुम्ही खाली कशाला शिरलात? सगळं तुमच्या अंगावर आलं असतं म्हणजे?"

"आधी माझ्या अंगावर आलं असतं," विलास म्हणाला. "तेवढ्यासाठीच शिरलो."

मैत्री त्याच्या पाठीवरचा भुसा झटकायला लागली, आणि सगळा निघून गेला तरी झटकतच राहिली.