रॅचेलची माफी

रॅचेलच्या गालावरचा काळानिळा डाग पावडरीखालूनही दिसत होता. पास्टरने तिला पुढे बोलावलं, हातात माइक दिला. नवऱ्याच्या आज्ञेत न राहिल्याबद्दल तिने सगळ्या मंडळीची माफी मागितली. नवरा पहिल्याच रांगेत पाय पसरून बसला होता. "प्रभू नम्र स्त्रीवर प्रसन्न असतो," पास्टर म्हणाला, आणि सगळे एका सुरात आमेन म्हणाले.

यामिनी साळवेच्या डावीकडे तिचे पप्पा बसले होते, उजवीकडे मम्मी. दोघंही आमेन म्हणाले.

मग नेहमीसारखं जेवण झालं. रॅचेलचा नवरा चिकनची तंगडी खाताना बोटं चाटत होता, आणि पप्पा त्याच्याशी बेसबॉलबद्दल बोलत होते. यामिनीच्या तोंडातला घास खाली जाईना. तिने बाथरूममध्ये जाऊन तो थुंकला आणि पुन्हा त्या चर्चमध्ये पाऊल टाकलं नाही.

पप्पा, सुमंत साळवे, अहमदनगरहून अमेरिकेतल्या चँडलरला आले ते कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत. आजोबांचं चर्च तिकडेच राहिलं. इथे शेजाऱ्याने पहिल्यांदा नेलं ते हे चर्च. यामिनी इथेच जन्मली, इथेच वाढली. जीन्स घालायची नाही, कॉलेजातल्या कुठल्या मुलाशी बोललीस ते सांगायचं, हे तिला सगळ्यांच्याच घरात असतं असं वाटायचं.

चर्च सोडल्यावर ती, नोकरी करायची त्या हॉस्पिटलमधल्या एका मैत्रिणीबरोबर, जवळच्या मेसा गावात एका घरी गेली. तिथे काही माणसं जुन्या ग्रीक देवतांची पूजा करत. कोणी समुद्राच्या देवाची, कोणी चंद्राच्या देवीची. तुझा देव खोटा, असं कोणी कोणाला म्हणत नव्हतं. यामिनीला हेस्टिया आवडली, चुलीची देवी. तिला फक्त ज्योत लागते आणि जेवणातला पहिला घास. गुडघे टेकायला कोणी सांगितलं नाही.

पप्पांना तिच्या खोलीत दिवा आणि मातीची वाटी दिसली. रविवारी प्रार्थनेनंतर पास्टर चार वडीलधाऱ्यांना घेऊन घरीच आला. यामिनीला खुर्चीत बसवलं. पास्टरने तेलात बुडवलेला अंगठा तिच्या कपाळावर घासला. तेल खवट होतं. त्याच्या श्वासाला कॉफी आणि कांद्याचा वास येत होता.

"तुझ्यात जे शिरलंय त्याचं नाव सांग," तो म्हणाला.

"माझ्या डोक्यावरचा हात काढा."

"ही तू बोलत नाहीयेस."

"पप्पा, यांना सांगा ना हात काढायला."

पप्पांनी डोळे मिटून घेतले होते. त्यांचे ओठ हलत होते. मम्मीने वाटी उचलली आणि कचऱ्यात, उरलेल्या आमटीवर टाकली. यामिनीने तो हात झटकला, गाडीची किल्ली घेतली आणि निघाली. तेल कितीदा धुतलं तरी आठवडाभर तिच्या केसांना वास येत राहिला.

जवळच्याच टेम्पी गावात तिने खोली घेतली. महाराष्ट्र मंडळाच्या पद्मिनीकाकूंना ही गोष्ट कुठून तरी कळली. त्या स्वतः डबा घेऊन आल्या, मायेने बोलल्या, नवरात्रीला बोलावलं. घरच्यासारखं कोणी बोलल्याला बरेच दिवस झाले होते. यामिनी गेली.

आरती झाल्यावर काकूंनी तिला स्टेजवर ओढलं. "ही आपली यामिनी. परक्या धर्मातून आपल्या धर्मात परत आलीय." टाळ्या वाजल्या. कोणीतरी न विचारता तिच्या कपाळावर कुंकू लावलं. पास्टरसारखाच अंगठा, तसाच दाब.

तिने माइक घेतला. "काकू, मी कुठेही परत आलेली नाही. माझे देव मी निवडलेत. ते तुमचे नाहीत, चर्चचेही नाहीत. तुमच्याकडे मी फक्त जेवायला आले होते."

"मूर्तिपूजाच ना शेवटी? मग आपलीच की," काकू हसत म्हणाल्या. माइक चालूच होता.

ती न जेवता निघाली. कोणीतरी काढलेला व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरला. दुसऱ्या दिवशी पप्पांचा फोन आला, इतक्या महिन्यांत पहिलाच. आवाज आनंदी होता. "बेटा, पास्टरनी बघितलं. हिंदूंच्या स्टेजवर तू नाही म्हणालीस, ही मोठी साक्ष आहे. रविवारी येऊन सांगशील?"

"पप्पा, मी काय म्हणाले ते तुम्ही पूर्ण ऐकलंत का?"

"पुढचं ते आपण कट करू."

तिने फोन ठेवला आणि सिंकपाशी उभ्या उभ्या तिला कोरडे उमासे आले.

पुढच्या आठवड्यात मम्मी एकटीच आली. पप्पांना वॉलमार्टला जाते म्हणून सांगितलं होतं. यामिनीने वरणभात केला आणि पहिला घास ज्योतीपुढच्या नव्या वाटीत ठेवला. मम्मीने ते बघितलं.

"मम्मी, रॅचेलने माफी मागितली तेव्हा तू आमेन का म्हणालीस?"

मम्मीने भात कालवला. "सगळे म्हणत होते गं."

ते उत्तर ऐकून यामिनीला किळस आली, आणि ती तिने लपवली नाही. मम्मीने ती बघितली, मान खाली घातली. उठून मात्र गेली नाही. यामिनीने तिच्या ताटात वरण वाढलं.