दोन पानं मावतील एवढा

"लॅपटॉप किती जण वापरणार?" दुकानातल्या बाईंनी विचारलं आणि मी म्हणालो, "दोघं."

तोंडातून गेलं ते गेलं. बाई लगेच "मग स्क्रीन मोठीच लागणार" म्हणत मला आतल्या टेबलाकडे घेऊन गेल्या. खरं तर मी तिथल्या तिथे चूक दुरुस्त करायला हवी होती. चुका दुरुस्त करणं हा माझा धंदाच आहे. गेली सत्तावीस वर्षं मी आणि माझी थोरली बहीण, अक्का, पुस्तकांची मुद्रितं तपासतो. तपासत होतो, असं लिहायला हवं. पण त्या क्रियापदाचा काळ मी अजून ठरवलेला नाही.

आमची पद्धत जुन्या छापखान्यातली. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने छापील मजकुरावर डोळा ठेवायचा. वाचायचं काम अक्काचं. वाचताना ती विरामचिन्हंसुद्धा वाचायची, तीही सपाट आवाजात, भावनेचा लवलेश नाही. "तो म्हणाला स्वल्पविराम अवतरण सुरू मला काय ठाऊक प्रश्नचिन्ह अवतरण पूर्ण." ओळ जुळली की मी म्हणायचं, "पुढे." मी "पुढे" म्हणेपर्यंत तिने थांबायचं. मग मी शिंकत असो, चष्मा पुसत असो की एखाद्या वेलांटीवर अडलेला असो. हा नियम तिने सत्तावीस वर्षांत एकदाही मोडला नाही. मी एकदा तसाच टेबलावर पेंगलो होतो, तर ही बया वीस मिनिटं ओळीवर बोट ठेवून बसून राहिली.

कामाची ही सवय घरातही शिरली होती. "चहा ओतलाय पूर्णविराम निवतोय उद्गारचिन्ह," असं ती स्वयंपाकघरातून ओरडायची. पाहुणे चक्रावून जायचे. छापखान्यातले लोक आम्हाला ऱ्हस्व-दीर्घ म्हणत, कारण अक्का माझ्यापेक्षा वीतभर उंच. एका संस्थेच्या स्मरणिकेत "वर्धापन दीन" असं माझ्या नजरेतून सुटून छापून गेलं, तेव्हा तिने महिनाभर मला "काय रे दीना" अशी हाक मारली होती. एरवी तिने मला ठेवलेलं नाव "ऱ्हस्व" हेच. मी साठी ओलांडली तरी चारचौघांत तीच हाक.

पुढे कागद गेले आणि सगळं काम लॅपटॉपवर आलं. तेव्हा आम्ही सतरा इंची स्क्रीनचा एक धोंडा घेतला. वजन तीन किलो. चालू झाला की पंखा असा घरघरायचा की शेजारच्यांना वाटावं, यांनी गिरणी टाकली. पण त्या स्क्रीनवर दोन पानं शेजारी शेजारी मावायची. डावीकडे मूळ प्रत, उजवीकडे छापायचं पान. डावी बाजू अक्काची, उजवी माझी. तिचा चष्मा जाडा झाला तसं आम्ही अक्षर वाढवत गेलो, आणि एवढं वाढवूनही दोन्ही पानं त्या धोंड्यावर बसायची.

आठ महिन्यांपूर्वी अक्का न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. तिची लेक, म्हणजे माझी भाची, येऊन तिला आपल्या गावी घेऊन गेली. महिनाभरासाठी, असं ठरलं होतं. महिन्याचे दोन झाले, दोनाचे चार. दर रविवारी फोनवर अक्का म्हणायची, "जरा पाय मोकळा झाला की येतेच रे." तेवढंच. वाक्याच्या शेवटी काय आहे ते ती सांगायची नाही आणि मीही विचारायचो नाही. मी आपला मनातल्या मनात तिथे स्वल्पविराम टाकून फोन ठेवायचो. आठ महिने मी एका स्वल्पविरामावर काढले.

गेल्या आठवड्यात धोंड्याने मान टाकली. बॅटरी फुगून कीबोर्ड वर आला, बिजागरी तर आधीच गेली होती. दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, याचा नाद सोडा आता." पूल बांधणीवरचं सहाशे पानांचं पुस्तक पंधरा दिवसांत तपासून द्यायचं होतं, म्हणून दुकान गाठणं भाग होतं. भाचीने निरोप धाडला होता: "मामा, पातळ आणि लहानच घे. पिशवीत मावतो, कुठेही नेता येतो." मला तो निरोप आवडला नाही. मी कुठे नेणार होतो? माझं टेबल घरात, माझी खुर्ची घरात. शिवाय लहान घे म्हणजे एका माणसापुरता घे. हिला काय माहीत आहे जे मला माहीत नाही, असं वाटून गेलं.

तर आता दुकानात माझ्यापुढे दोन लॅपटॉप उघडे होते. बाई चाळिशीच्या, चष्मा गळ्यात अडकवलेला, उगाच गोड बोलणाऱ्या नव्हेत.

"हा मोठा," त्या म्हणाल्या. "आकड्यांची वेगळी बटणं आहेत, सगळ्या वायरींना जागा आहे. पण जड आहे आणि बॅटरी तीन तासांत बसते. हा लहान. उचलून बघा."

मी उचलला. वहीएवढा होता. एवढ्याशा वस्तूत आख्खा पूल कसा मावणार, असं मनात आलं.

"बॅटरी दिवसभर चालते," बाई म्हणाल्या. "पंखाच नाही, त्यामुळे आवाज नाही. फक्त भोकं दोनच आहेत. पेनड्राइव्ह लावायचा तर हे शेपूट वेगळं घ्यावं लागेल."

"आणि दोन पानं?"

"म्हणजे?"

मी त्यांना दाखवायला लावलं. मोठ्यावर दोन पानं शेजारी शेजारी ऐसपैस बसली. लहानावरही बसली, पण अक्षरं मुंगीएवढी झाली. माझ्या डोळ्यांना ती कशीबशी दिसत होती. अक्काला दिसली नसती. मी मोठ्याची डावी बाजू पुन्हा पाहिली आणि मनाशी म्हटलं, ही अक्षरं तिला दिसतील.

"एकच पान ठेवलं तर लहानावर झकास दिसतं," बाई म्हणाल्या. "आणि हा मजकूर वाचूनही दाखवतो. ऐका."

त्यांनी कसलंसं बटण दाबलं. एका बाईचा आवाज घडाघडा वाचू लागला. विरामचिन्हं सगळी गिळून टाकलेली.

"हा स्वल्पविराम म्हणत नाही," मी म्हणालो.

"स्वल्पविराम कशाला म्हणेल?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर सत्तावीस वर्षं सांगावी लागली असती. कधी हा उचल, कधी त्याच्यावर हात फिरव, असं चाललं होतं. मला लॅपटॉपमधलं काहीच निवडता येत नव्हतं, कारण मला हवं ते दुकानात नव्हतंच. मला एवढंच कळायला हवं होतं की अक्का परत येणार की नाही. मोठा घेतला तर तिची वाट बघणं आलं. लहान घेतला तर मीच तिची बाजू पुसून टाकल्यासारखं झालं. आणि सरळ तिला विचारायची माझी छाती होत नव्हती.

बाईंनी घड्याळाकडे बघितलं. मग अगदी साधेपणाने म्हणाल्या, "दुसरं जे माणूस वापरणार आहे, त्यांनाच विचारा ना. फोन लावा."

माझ्याच चुकीने मला असं बरोबर कोपऱ्यात गाठलं. मी फोन लावला. अक्काने उचलला. मागे भांडी लावल्याचे आवाज येत होते.

"आज रविवार नाही," ती म्हणाली.

"दुकानात आहे. धोंडा गेला."

"गेला का? बिचारा."

"इथे दोन आहेत. मोठ्यावर दोन पानं मावतात, तुझ्या चष्म्याला दिसतील एवढी. लहानावर एकच." मी थांबलो. "कुठला घेऊ?"

भांड्यांचा आवाज बंद झाला. दार ओढून घेतल्यासारखं वाटलं.

"ऐकतेयस ना?"

"ऐकतेय," ती म्हणाली. आणि मग तिने तो आवाज लावला. तोच, सपाट, आमच्या टेबलावरचा. आठ महिन्यांत मी तो ऐकला नव्हता.

"मी आता तिकडे राहायला परत यायची नाही पूर्णविराम."

माझ्यासमोर मोठ्या लॅपटॉपवर दोन पानं उघडी होती. मी उजव्या पानाकडे बघत राहिलो.

"अक्का," मी म्हणालो, "मूळ प्रत नीट बघ. तिथे स्वल्पविराम असेल."

"बघितली."

"पुन्हा बघ."

"दोनदा बघितली रे. जिना चढवत नाही आता मला. डावा डोळाही गेल्यात जमा आहे. तुला सांगायचं होतं, दर रविवारी सांगायचं होतं." तिचा आवाज जरा हलला, मग पुन्हा सपाट झाला. "पूर्णविराम आहे."

मग ती थांबली. मला कळलं, ती कशासाठी थांबली आहे. ओळ वाचून झाली होती. मी म्हणेपर्यंत ती पुढची ओळ वाचणार नव्हती. मी फोन ठेवून दिला असता तरी ती त्या ओळीवर बोट ठेवून तशीच बसली असती. दुकानातल्या बाई तोंड फिरवून खोक्यांवरची धूळ झटकू लागल्या. मला रडू फुटत होतं आणि बावन्न प्रकारच्या वायरी टांगलेल्या भिंतीसमोर रडायची मला लाज वाटत होती.

किती वेळ गेला कोण जाणे.

"पुढे," मी म्हणालो.

"ऱ्हस्व घे," अक्का म्हणाली.

मी लहान घेतला. शेपूटही घेतलं. बाईंनी वॉरंटीचा कागद भरताना पुन्हा काही विचारलं नाही.

घरी आल्यावर तो टेबलावर ठेवला आणि उजवीकडच्या खुर्चीत बसलो. बसून बघतो तर मान डावीकडे वाकडी करावी लागत होती. धोंड्यापुढे माझी खुर्ची बरोबर माझ्या पानासमोर यायची. आता पान एकच, टेबलाच्या मधोमध. लॅपटॉप उजवीकडे सरकवला, तर उरलेलं अर्धं टेबल रिकामं रिकामं दिसू लागलं. पुन्हा होता तिथे ठेवला.

पुलाचं पुस्तक उघडलं. घरात आवाज नव्हता. पंखाच नाही तर आवाज कुठून येणार? म्हटलं, लॅपटॉपमधल्या त्या वाचणाऱ्या बाईला तरी एक संधी देऊन बघू. मूळ प्रतीची फाइल तिला दिली, छापायचं पान स्क्रीनवर ठेवलं आणि बटण दाबलं. पहिली ओळ तिने स्वच्छ वाचली. मी पानावर ती जुळवली, एक काना सुटला होता त्यावर खूण केली आणि मान वर करून म्हणालो, "पुढे."

ती तोवर चौथ्या ओळीवर पोचली होती.