तीस डॉलरचं हसणं

उनाईसीनं शिवणयंत्राचं चाक हातानं थांबवलं आणि कान दिला. बाहेर ओसरीवर व्यायाम चालू असायला हवा होता. हसणं चालू होतं.

तिनं तोंडातल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या, कुणाच्या तरी लग्नाचा अर्धवट झगा बाजूला सारला आणि दारात जाऊन उभी राहिली. तिचा नवरा आपेनिसा वेताच्या खुर्चीत पोट धरून बसला होता. आणि ज्याला ती तासाचे तीस डॉलर मोजत होती तो वाटिसोनी, छाती बघावी तर दाराएवढी, चटईवर उताणा पडून लंगड्या खेकड्याची नक्कल करत होता.

"व्यायाम कधी सुरू होणार?" तिनं विचारलं.

"चालूच आहे की, काकू," तो खेकड्याचा पाय खाली न घेता म्हणाला. "आज जबड्याचा घेतलाय. फार गंजलाय ह्याचा."

"मी जबड्याचे पैसे देत नाही. पायांचे देते."

"पाय तरी कुठे पुरते आहेत ह्याला? दोन बोटं गायब. हिशोबानं अठ्ठावीसच द्या."

आपेनिसा खुर्चीतून घसरायचा बाकी राहिला. डोळ्यांतून पाणी आलं त्याच्या. उनाईसीला मात्र कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. ती आत वळली आणि यंत्र असं दामटलं की दोरा तुटला.

त्या दोन बोटांचा विषय त्या घरात निघत नसे. साखरेपायी इस्पितळात ती काढली, त्याला सहा महिने होऊन गेले. ज्या माणसानं बंदरावर उभा जन्म पोती उचलली, तो तेव्हापासून खुर्चीत बसून होता. पाद्री यायचे, भिंतीकडे बघत हळू आवाजात प्रार्थना करायचे आणि जायचे. ऑकलंडहून मुलगी फोन करायची आणि हवापाण्याचं विचारायची. आपेनिसा फाटकापर्यंत जायचा, रस्त्यावरनं कुणी येताना दिसलं की माघारी फिरायचा. डॉक्टर तेवढे सरळ बोलले होते: हा चालला नाही तर पुढच्या खेपेला बोटांवर भागणार नाही, पाऊल जाईल. उनाईसीनं विनवण्या केल्या, भांडण केलं, एकदा तर फाटकाशीच बसून रडली. आपेनिसा म्हणायचा, "उद्या." त्याचा उद्या फार लांबचा होता.

म्हणून मोठ्या रस्त्यावरच्या व्यायामशाळेतला हा पोरगा तिनं घरी बोलावला. एका खेपेला एका झग्याची शिलाई जाणार होती. रात्रंदिवस विचार केला, नको वाटलं, हवं वाटलं, शेवटी डॉक्टरांचा चेहरा आठवला आणि हो म्हणून बसली.

पहिल्या दिवशी तर तिला वाटलं, पैसे सत्कारणी लागले. वाटिसोनी आला तो किती अदबीनं. "सर, बसा. सर, पाय दाखवता?" गुडघे टेकून त्यानं पाऊल हातात घेतलं, विजेरी लावून तळवा बघितला, बोटांच्या बेचक्या बघितल्या आणि म्हणाला, आधी ह्या मापाचे मऊ बूट आणा, त्याशिवाय एक पाऊल टाकायचं नाही. उनाईसीनं त्याच दुपारी आणले. पुढच्या खेपेला बूट घालून झाले आणि आपेनिसानं, चार लोक विचारतात तसंच, विचारलं:

"गाव कुठलं रे तुझं?"

"नायाउ, सर."

"नायाउ? मी कान्दावूचा."

झालं. वाटिसोनीच्या पाठीचा कणा तिथल्या तिथं सैल पडला. "अरे नाइता!" म्हणाला, आपेनिसापुढचा चहाचा पेला उचलला आणि एका दमात रिकामा करून त्याच्याच हातात दिला. "साखर नाही घातलीस? बरं केलंस. तुझ्यात आहे तेवढी पुरे."

नायाउच्या देवाचं आणि कान्दावूच्या देवाचं कधी काळी एका डोंगरावरून वाजलं होतं. देव गेले, भांडण ठेवून गेले. तेव्हापासून ह्या दोन बेटांची माणसं एकमेकांची नाइता. नाइतानं नाइताला काहीही बोलावं, त्याच्या घरातलं हवं ते उचलून न्यावं. दुसऱ्यानं रागवायचं नाही, वेळ येईल तेव्हा फेडायचं. वय बघायचं नाही, मान बघायचा नाही. आता असल्या माणसाचा धाक कोण धरणार? चोराच्या मेहुण्याला पहारेकरी नेमावं तसं झालं. आणि कोंबडी विकत घेतानाही कुठल्या गावची म्हणून विचारणारी उनाईसी नेमकं इथंच विचारायला विसरली होती. त्याचा तिला सगळ्यांत जास्त संताप यायचा.

त्यानंतर तो यायचा आणि टिंगल करायचा. खुर्ची पळवायचा, आपेनिसाला उभं राहावं लागायचं. बुशशर्ट पळवून अंगणात वाळत घालायचा, आपेनिसा शिव्या देत पायऱ्या उतरायचा. तास संपला की हा पैसे घेऊन, वर उकडलेला कसावा खाऊन जायचा. उनाईसीच्या लेखी ह्यातलं व्यायाम असं काहीच नव्हतं. आपेनिसानं फाटक अजून ओलांडलं नव्हतं.

कुंपणापलीकडं प्रेमवती मिरच्या तोडता तोडता सगळं बघत असायची.

"काय गं उनाईसी, तीस डॉलर म्हणे?"

"हं."

"हसायचे?"

"हं."

"मला सांगायचं नाही का? मी वीसमध्ये हसवलं असतं. वर चटणी दिली असती."

ते फार लागलं. शनिवारी सकाळी वाटिसोनी आला तशी ती पायरीवरच आडवी उभी राहिली.

"आजपासून नको येऊस."

"का, काकू?"

"का म्हणून मलाच विचार वर! महिना होत आला. चालला का तो? रस्त्यापर्यंत तरी गेला? मी डोळे फोडून शिवते आणि तू इथं येऊन माझ्या नवऱ्याला खेकडा म्हणतोस. खेकडा फुकट म्हणणारे पुष्कळ मिळतील मला."

"फुकट कुणी म्हणत नाही त्याला काही, काकू. तीच तर अडचण आहे."

"शहाणपणा नको. जा."

तिला वाटलं, आता गयावया करेल. त्यानं मान डोलावली, तिच्या बाजूनं ओसरीवर चढला आणि कोपऱ्यातलं, यंगोनाच्या मुळ्यांचं पेय घोळायचं लाकडी भांडं उचलून काखेत मारलं. आपेनिसाच्या बापाचं भांडं. चार पाय, कडेला नक्षी, वापरून वापरून काळं कुळकुळीत झालेलं.

"ए! ए नाइता! ठेव खाली!" आपेनिसा खुर्चीतून अर्धा उठला.

"हवं असलं तर ये घ्यायला," फाटकातून वाटिसोनी ओरडला. "राइवांगाला, बेकरीमागं, हिरवं दार. पण तुझ्यानं काय होणार, म्हाताऱ्या! तू बस. मी ह्यात कोंबड्यांना दाणे घालतो."

आणि शीळ वाजवत उतारावरनं गेला. चोर तो चोर, वर गाणारा चोर. उनाईसी इतकी वैतागली की तिला धड शिवीही सुचेना. आपेनिसा मात्र बराच वेळ त्या रिकाम्या कोपऱ्याकडं बघत बसला.

दुपारी झगा पोचवून ती परत आली तेव्हा खुर्ची रिकामी होती. न्हाणीत नाही, परसात नाही. पलंगाखालचे बूट नाहीत.

"प्रेमवती! हा कुठं गेला?"

"मला काय ठाऊक? फाटकातून गेला. मी म्हटलं, कुठं निघालात? तर म्हणाला, लढाईला." प्रेमवतीच्या हातातल्या मिरच्या तशाच होत्या. "चेहरा असा होता की अडवायची छाती झाली नाही, बाई."

उनाईसी धावली. उतार संपेपर्यंत गेली, बसथांब्यावर विचारलं, दुकानात विचारलं. कुठं पडला असेल, कुठं कुणी गटाराच्या कडेला बसवला असेल, बोटं नसलेल्या पायावर भार पडून काय झालं असेल. नको नको ते डोळ्यांपुढं आलं. तो दुसऱ्या वाटेनं आला असेल म्हणून ती परत घराकडं वळली आणि फाटकाशी उभी राहिली. उन्हं कलली. मग वळणावर तो दिसला.

चढ चढत होता. कमरेला गुंडाळलेला सुलू गुडघ्यापर्यंत खोचलेला, बुशशर्ट पाठीला चिकटलेला, मान खाली. दोन्ही हातांत एकेक लोखंडी डंबेल. चार पावलं टाकायचा, थांबायचा, पुन्हा चार टाकायचा. ती धावत पुढं गेली आणि एक हातातून घ्यायला बघितलं.

"हात नाही लावायचा!" तो खेकसला. "लूट आहे माझी."

ओसरीवर येऊन त्यानं ते लोखंड खाली ठेवलं. आवाज ऐकून प्रेमवती कुंपणाशी आली. उनाईसीनं खाली बसून त्याचे बूट सोडले, मोजे काढले, पाऊल उजेडाकडं वळवलं. फोड नाही, जखम नाही. लाल झालं होतं, ऊन होतं. किती दिवसांनी ते पाऊल ऊन लागत होतं हाताला.

"वेडा झालास का तू? राइवांगाला चालत गेलास?"

"मग काय उडत? गाढव दार सताड उघडं टाकून गेलेला. भांडं शोधलं, सापडलं नाही. म्हटलं, ह्याचं पोट ज्यावर चालतं तेच उचलू या." तो धापा टाकत हसला. "आता शिकव म्हणावं लोकांना व्यायाम. रिकाम्या हातानं!"

"वाटेत चक्कर आली असती म्हणजे?"

"आली होती. बेकरीच्या पुढं डोळ्यांपुढं अंधारी आली. पण नशीब बघ, तिथंच रस्त्याकडेला कुणाचं तरी स्टूल पडलेलं. बसलो. मग पाण्याच्या टाकीपाशी पुन्हा एक. मग तो खडा चढ आहे ना, तिथं वर आणखी एक. वाट्टेल तिथं स्टुलं टाकतात हल्ली लोक." त्यानं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, मध्येच थांबला. "एकाच दुकानातली असणार. सगळी निळीच."

उनाईसी त्याच्याकडं बघत राहिली. मग उठली. फाटक उघडंच राहिलं होतं, ते लावायला म्हणून गेली.

रस्त्यापलीकडं विलायती फणसाच्या झाडामागं वाटिसोनी वाकून, गुडघ्यांवर हात टेकून उभा होता. अंगावरचं कापड पिळून काढावं इतकं ओलं. पोटऱ्या काट्यांनी ओरबाडलेल्या, डोक्यात वाळकी पानं. कुणाकुणाच्या परसांतून, कुंपणांवरून उड्या मारत आला होता कोण जाणे. काखेत एक निळं प्लास्टिकचं स्टूल होतं.

तिला बघून तो ताठ झाला आणि त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

मागं ओसरीवर आपेनिसाचा आवाज चढला होता. "पाच-पाच किलो नव्हे, प्रेमवती, दहा-दहा! उचलून बघ, ये! कसली हसतेस? उचलून तर बघ!" आणि प्रेमवती म्हणत होती, "नको बाबा, मला माझी दहाही बोटं हवीत." उनाईसीनं चटकन मान वळवून ओसरीकडं बघितलं. मग आपेनिसाचं हसणं फुटलं, आणि त्याच्या पाठोपाठ तिचं.

झाडामागच्या त्या आगाऊ पोरानं ओठांवरचं बोट तसंच ठेवून दुसऱ्या हाताचा अंगठा बोटांवर चोळून दाखवला. आजच्या तासाचे.

तिनं पायातली चप्पल काढली. तो स्टूल डोक्यावर घेऊन वळणाकडं पळाला. चप्पल फेकायची राहिली ती राहिलीच.

"कोण होतं गं?" आपेनिसानं ओसरीवरनं विचारलं.

"कुत्रं."

"हाकललंस?"

उनाईसीनं फाटकाची कडी लावली.

"सकाळीच हाकललं होतं," ती म्हणाली. "जात नाही मेलं."