अंगठ्याजवळचं ठिगळ

दवाखान्यातून परतल्यापासून बाबा मान खाली घालून आरीनं जोडा शिवत होते. दुकानात चामड्याचा आणि सरसाचा ओळखीचा वास होता, आणि आम्हा दोघांच्या मध्ये, अर्धवट शिवून टाकलेल्या जोड्यासारखी, शांतता उघडी पडली होती.

डॉक्टरीणबाईंनी सकाळी विचारलं होतं, "घरात आणखी कुणाचा सांधा असा सुजायचा?" माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याचं मूळ निखाऱ्यासारखं धगधगत होतं; युरिक अ‍ॅसिड सांध्यात साचलेलं, मूत्रपिंडांचं काम निम्म्यावर आलेलं. "तुमच्या वयाच्या बाईला हा गाऊटचा संधिवात सहसा होत नाही. घराण्यातून आला असेल, तर तुमच्या मुलीलाही आत्ताच तपासायला हवं. वेळेत कळलं तर पुष्कळ करता येतं."

मी बाबांकडे पाहिलं होतं.

"छे," ते म्हणाले होते, "आमच्याकडे सगळे ठणठणीत."

समोरच्या भिंतीवर घरच्या माणसांच्या पावलांचे लाकडी साचे टांगलेले असतात; त्यांवरच बाबा प्रत्येकाचे जोडे बेततात. आमच्याकडे माणूस गेला, तरी त्याचा साचा कुणी उतरवत नाही. लहानपणापासून पाहिलेली ती पावलं मी आज प्रथमच निरखत होते. आजोबांच्या साच्यावर, अंगठ्याच्या मुळाशी, चामड्याचं ठिगळ ठोकलेलं होतं, सुजेला जोड्यात जागा मिळावी म्हणून. आत्याच्याही. बाबांच्याही.

"आजोबांच्या पायाला काय झालं होतं?"

"हातोडी पडली होती. माहितेय की तुला."

"आणि आत्याच्या?"

"तिच्याही."

"आपली हातोडी भारीच नेमबाज हो बाबा. दर वेळी अंगठाच!"

त्यांच्या ओठांचा कोपरा हलला, पण हसू आलं नाही. आत्या अंगभर सुजून, लघवी बंद होऊन गेली. हातोडीनं माणूस असा कसा मरतो, हे तेव्हा घरात कुणी विचारलं नाही.

लंगडत जाऊन मी माझा साचा काढला. त्यावरही ठिगळ होतं. जुनं, कडा झिजून लाकडाशी एकजीव झालेलं. सुरुवातीची दुखणी मी कुणालाच सांगितली नव्हती. गोळ्या गिळायचे, आणि नवा जोडा पायात घातला की बरं वाटायचं. म्हणायचे, काय बाई हात आहे बाबांचा!

"तुम्हाला कळलं होतं."

बाबांनी आरी खाली ठेवली. "तुझे जुने जोडे उसवले की दिसायचं. अस्तर अंगठ्यापाशीच फाटलेलं." मग म्हणाले, "वाटलं, नाव काढलं नाही तर ते दुखणं तुला विसरून जाईल. पोरी, तुला दुखू नये, एवढंच बघत आलो."

"जोडा टोचला असता, तर मी वेळेत डॉक्टरकडे गेले असते, बाबा."

शेवटच्या खुंटीवर माझ्या मुलीचा साचा होता. चिमणीएवढा हलका. मी तो काढून त्यावरून बोट फिरवलं. अजून गुळगुळीत.

"उद्या येता माझ्याबरोबर दवाखान्यात? आजोबांचं, आत्याचं, तुमचं, सगळं सांगायला? हिच्यासाठी तरी?"

बाबांनी तो इवला साचा माझ्या हातून घेतला, पुढ्यातल्या फडक्यानं उगाच पुसला आणि खुंटीला अडकवला. मग उजवं पाऊल जपून टेकत, एका अंगाला कलत, ते दाराबाहेर निघून गेले. उद्या दवाखान्यात हे सगळं मलाच सांगायचं होतं.