दल-सूच्या पाठीतलं हाड

टेकडीवर अख्खं गाव लोटलं होतं. दल-सूच्या बापाची कबर उकरली होती आणि कबरींची शुभ-अशुभ जागा सांगणारे पेकबुवा कागदावर नखाएवढं हाड घेऊन मिरवत होते.

"काल दल-सूच्या जखमेतून काढलं! हे त्याचं नव्हे, त्याच्या बापाचं! कबरीत मुळं घुसलीत, म्हातारा तळमळतोय. कबर हलवा, जखम आपोआप मिटेल!"

"डोळ्यांनी पाहिलं गं मी निघताना!" एक बाई प्रार्थनेला तळवे एकमेकांवर चोळत म्हणाली.

आरोग्य केंद्राची नर्स बोंग-ई धापा टाकत वर आली. तिचं डोकं सणकलं होतं. झाडावरून पडून दल-सूचं कमरेखालचं अंग लुळं पडलं, तेव्हापासून ती त्याच्या पोराला, इन-गुला, बजावत होती की दर दोन तासांनी कूस बदल. पण बापाचा मान म्हणून हा त्याला चुलीची धग खालून खेळवून ऊबदार केलेल्या जमिनीवर, चुलीजवळच्या सगळ्यात तापलेल्या मानाच्या जागी निजवायचा आणि तिथून हलवायचा नाही. दाबाने आणि उष्णतेने माकडहाडावरची कातडी मेली. गेल्या आठवड्यात जखमेची खोली मोजायला तिने बारीक सळई आत घातली, तर टोक हाडाला लागलं. तिने लगेच मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. बुवा म्हणाले, दल-सूला एकवीस दिवस घराबाहेर हलवू नका. झालं, चिठ्ठी राहिली फडताळात!

"इन-गु, तिकडे बाप तापाने फणफणलाय आणि तू इथे?"

"कबर हलली की उतरेल, सिस्टर. बुवा म्हणाले."

"बुवा म्हणाले!" तिने कपाळावर हात मारला आणि कबर खोदणाऱ्या म्हाताऱ्या छेकाकांकडे वळली. रिवाजाप्रमाणे त्यांनी हाडं तागाच्या कापडावर डोक्यापासून पायापर्यंत मांडली होती. "काका, यात काय कमी आहे?"

"काही नाही. माकडहाडसुद्धा शाबूत आहे. आणि ही बघ कशी तपकिरी पडलीत. बुवांच्या हातातलं तर अजून ओलं आहे."

"ते... ते सूक्ष्म हाड आहे!" बुवा अडखळले.

"सूक्ष्म? मग तुमच्या चिमट्यात कसं सापडलं हो?" छेकाकांनी विचारलं.

कुणीतरी फिस्सकन हसलं. बोंग-ईला मात्र हसू येईना.

"हे दल-सूकाकांचंच हाड आहे. जखम खोल गेली, हाड सडलं, मेलेला तुकडा सुटून वर आला. बुवांनी नुसता उचलला. अरे, हा चमत्कार नाही, धोक्याची खूण आहे! जखम का झाली ते विचारा ना, कुणाच्या कोपाने झाली ते काय विचारता?"

इन-गु कबरीकडे पाठ करून तिच्यासमोर आला. "सिस्टर, आबा वाचतील ना?"

"माहीत नाही. आज नेलं तर सडलेलं हाड खरवडतील, महिना-दीड महिना औषधं देतील. आजोबांचं हाडन् हाड मोजून घेतलंस, इन-गु. जिवंत बापाला फक्त कुशीवर वळवायचं होतं रे!"

इन-गु उतारावरून धावत सुटला. फावडी टाकून चार गडी त्याच्यामागे गेले, कारण दल-सूला उचलायला माणसं लागणार होती.