वीस पंचे शंभर

टक्केबाईंनी एकोणीस वर्षं सातवीच्या मुलांना परदेशी धाडलं, तेही वर्गाबाहेर पाऊल न टाकता. त्या गणित शिकवायच्या, आणि टक्केवारी व चलनबदल हा त्यांचा हातखंडा. पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडून पहिल्या बाकावर पैसे बदलून देण्याची खिडकी मांडायची, कागदी नोटा वाटायच्या, मुलांना रांगेत उभं करायचं. आपल्या पैशांना त्या 'घरचे' म्हणायच्या आणि परक्या पैशांना 'पाहुणे'. "एक पाहुणा आला की चाळीस घरच्यांना उठावं लागतं," असं त्या म्हणाल्या की वर्ग दरवर्षी हसायचा. खुद्द बाईंनी मात्र खरी परकी नोट कधी हातात धरली नव्हती. भावाच्या घरी राहून निम्मा पगार त्याच्या हाती ठेवणाऱ्या बहिणीला परदेश कोण दाखवणार?

आणि यंदा शाळेची सहल खरोखरच परदेशी निघाली. वीस मुलं, सोबत एक शिक्षक. मुख्याध्यापकांनी बाईंचं नाव घातलं, तेव्हा "माझा खर्च?" असं त्यांनी चाचरत विचारलं.

"तुम्हाला एक छदामही नाही," ते म्हणाले.

मग खर्च कुठून निघणार, हे बाईंनी विचारलं नाही. स्वतःच्या सुखाचा गुणाकार कुणी तपासून बघत नाही. पासपोर्ट आला, चाकांची बॅग आली, आल्यागेल्याला ती दाखवूनही झाली. "ही आमच्याकडेच असते," एवढीच आजवर ओळख करून देणारी वहिनी आता "आमची नणंद परदेशी चालली," म्हणू लागली. बाईंना त्या एका वाक्यासाठीसुद्धा जायचं होतं.

गुरुवारी मधल्या सुट्टीत 'खिडकीवाली' मुलगी वही घेऊन आली. पुठ्ठ्याच्या खिडकीमागे नेहमी हीच मुलगी बसायची, कारण सुटे देताना तिच्या हातून कधी चूक होत नसे. तिची आई लॉन्ड्रीत इस्त्री करायची. कपडे मोजून घ्यायचे, मोजून द्यायचे, एक रुमाल कमी भरला तर पदरचा भरायचा, यात तिचा जन्म चाललेला. "आमच्या पोरीचा हिशेब चुकत नाही," हे ती प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायची.

"बाई, माझं कुठे चुकलं ते दाखवता का?" मुलीने वही उघडली. "सहलीचे आठशे पाहुणे. दर चाळीस. म्हणजे बत्तीस हजार घरचे. मी आईला तेवढेच सांगितले, तिने आठ महिने साठवून तेवढे जमवले. आणि शाळेच्या पत्रकात तेहेतीस हजार सहाशे आहेत. उद्या भरायचा शेवटचा दिवस आहे."

"दर रोज बदलतो गं."

"मी रोज घरी जाताना बँकेचा फलक बघते. चाळीसच्या पुढे गेलाच नाही. शाळेचा दर बेचाळीस पडतो. पाच टक्के जास्त."

बाईंनी गणित वरून खाली आणि खालून वर तपासलं. चूक नव्हती. चूक नाही हे दिसलं आणि त्यांनी वही मिटली, कारण पुढचा हिशेब करायला त्यांना वही लागत नव्हती. वीस मुलांचे पाच-पाच टक्के. वीस पंचे शंभर. म्हणजे एक अख्खं माणूस फुकटात जात होतं.

"वही राहू दे. शाळा सुटल्यावर ये," त्या म्हणाल्या.

बाईंनी जाऊन विचारलं, तेव्हा मुख्याध्यापकांनी लपवाछपवी केली नाही. "शाळा दमडी देत नाही. मग तुमचे बत्तीस हजार काय आकाशातून पडणार होते? 'बाईंचा खर्च' असं पत्रकात लिहिलं असतं, तर पालकांनी शाळा डोक्यावर घेतली असती. दरात घातलं की कुणाच्या डोळ्यावर येत नाही."

"एका मुलीच्या आलं."

"मग तिला सांगून टाका. सगळ्यांचे सोळाशे परत करू. मी क्रीडाशिक्षकांना पाठवतो, ते स्वतःचे पैसे भरायला एका पायावर तयार आहेत." त्यांनी पुढची फाइल ओढली. "ठरवा तुमचं तुम्ही."

बाईंनी ठरवलंही. पर्समध्ये सोळाशे वेगळे काढून ठेवले आणि शाळा सुटल्यावर मुलीला म्हणाल्या, "वरचे मी घालते. आईला सांगू नकोस."

मुलीने मान हलवली. "आई नाही घेणार. ती म्हणाली, बाईंना विचार. तुझी चूक असेल तर मावशीकडून उसने आणून भरीन. चूक नसेल तर शाळेत येऊन विचारीन."

झालं, वाट बंद. खरं सांगावं, तर आई शाळेत येणार, बोभाटा होणार आणि चाकांची बॅग माळ्यावर जाणार. खोटं सांगावं, तर आई पैसे भरणार, मुलगी जाणार, बाईही जाणार. एका खोट्यात सगळ्यांचंच भलं होत होतं. बिघडणार होतं ते फक्त एक गणित. बाईंनी लाल पेन उघडलं आणि बरोबर उत्तरावर फुली मारली.

"तू कमिशन धरलं नाहीस."

"मी बँकेतल्या काकांना विचारलं होतं. चाळीसमध्ये सगळं धरलेलं असतं म्हणाले."

"शाळेला वेगळं लागतं," बाई म्हणाल्या. असलं उत्तर एकोणीस वर्षांत त्यांनी वर्गात कुणाचं चालवून घेतलं नव्हतं.

मुलीने वही मिटली. चुकलेलं गणित दहा वेळा लिहून आणायचं, हा बाईंचाच नियम. "दहा वेळा लिहून आणू?" तिने विचारलं.

"आण," बाई म्हणाल्या.

सोमवारी तिने वही टेबलावर ठेवली. बाईंनी हळूच विचारलं, "आईने पैसे भरले ना?"

"नाही. नाव काढून घेतलं."

"अगं, पण चूक असेल तर भरीन म्हणाली होती ना?"

"आधी तसं म्हणाली होती. मी सांगितलं, माझंच चुकलं. तर ती म्हणाली, जिला पैशाचा हिशेब येत नाही तिने पैसे घेऊन परमुलखात जायचं नाही. कुणीही फसवील."

"मी बोलते आईशी."

"काय सांगणार, बाई?" मुलीने विचारलं. त्यात उद्धटपणा नव्हता. आपण फुली मारली ती हिच्या सहलीतल्या जागेवर, हे कळून त्यांना स्वतःची शिसारी आली. तरीही क्रीडाशिक्षकांना पाठवा, असं जाऊन सांगायला त्यांचं पाऊल उचललं नाही.

मधल्या सुट्टीत बोलावणं आलंच. "एकोणीस राहिले," मुख्याध्यापक म्हणाले. "म्हणजे तुमचे पंच्याण्णव टक्के निघाले. उरलेले पाच तुम्हालाच भरावे लागतील."

गुरुवारी मुलीसाठी काढलेले सोळाशे पर्समध्ये तसेच होते. बाईंनी ते टेबलावर ठेवले. मुख्याध्यापकांनी पावती फाडून दिली.

वर्गात परत येऊन त्यांनी वही उघडली. सरळ, टपोऱ्या अक्षरांत दहा ओळी होत्या: आठशे पाहुणे म्हणजे तेहेतीस हजार सहाशे घरचे, कमिशन धरायला विसरू नये. त्याखाली पेन्सिलीने काहीतरी लिहून खोडलेलं होतं. खोडरबराने अक्षरं गेली होती, पण पेन्सिल इतकी दाबून चालवलेली की कागदावर वळ राहिले होते. बाईंनी पान खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं. वीस गुणिले पाच बरोबर शंभर. आणि शंभराच्या पुढे, 'बाई'.

समोर वर्ग गणित सोडवत होता. खिडकीवालीने मान वर केली नाही. बाईंनी लाल पेन उघडलं, दहाव्या ओळीखाली 'बरोबर' असं लिहिलं आणि सही केली.