सुट्ट्यातले डॉलर

अमेरिकेतल्या डब्लिन शहरातल्या त्या चार मजली ऑफिसच्या इमारतीत शरयू नाईकवाडे दर सोमवारी सकाळी आठला हजर व्हायची. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या बाजूला तिचं खाऊचं मशीन होतं. त्या सोमवारी चिप्सची खोकी लादलेली ढकलगाडी घेऊन ती लिफ्टमधून बाहेर आली आणि जागच्या जागी थांबली. मशीनच्या काचेवर, अगदी मधोमध, एक कागद चिकटवलेला होता. जाड काळ्या मार्करनं इंग्रजीत लिहिलं होतं, ‘हे मशीन खोटी नाणी देतं. यात पैसे टाकू नका.’ खाली नाव नाही, गाव नाही.

शरयूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अकोल्याहून या देशात येऊन तिला बावीस वर्षं झाली होती. मुलगी रुही कॉलेजला गेल्यावर घर खायला उठलं, तेव्हा तिनं एक जुनं मशीन विकत घेऊन हा धंदा सुरू केला होता. आता अकरा मशीन्स होती. एक्स्पायरी डेट उलटायच्या आत पाकिटं काढून टाकणारी, कुणाचा चॉकलेटचा बार आत अडकला तर स्वतः ड्राइव्ह करत येऊन पैसे परत देणारी बाई ती. आणि खोटी नाणी!

नाणी खरी होती, एरवी फारशी कुणाच्या हातात न पडणारी एकेक डॉलरची होती. सोनेरी, एका बाजूला पाठीवर बाळ बांधलेली बाई. ती बँकेतून, रांगेत उभी राहून आणायची. आधी ती क्वार्टरच, म्हणजे पाव डॉलरची नाणीच, भरत असे. पण कुणी दीड डॉलरच्या चिप्ससाठी पाचाची नोट घातली की मशीन खळाखळा चौदा क्वार्टर ओकायचं. दुपारपर्यंत सुट्ट्या नाण्यांची नळी रिकामी, आणि मग मशीन नोटाच घेईना. डॉलरची नाणी भरली की काम सोपं. तीन डॉलर, दोन क्वार्टर. मशीनवर कार्डही चालायचं, म्हणून ऑफिसातल्या लोकांना फरक पडत नव्हता. नोटा घालायचे ते सफाईवाले, कुरिअरवाले, गवत कापायला येणारे. त्यांच्यापैकी कुणी कधी तक्रार केली नव्हती.

तिनं कागद न फाटेल असा हळूच काढला आणि तो हातात धरूनच ती तळमजल्यावर ब्रेंडाच्या केबिनमध्ये गेली. ब्रेंडा इमारतीची मॅनेजर. गोड बोलणारी, सगळ्यांना ‘हनी’ म्हणणारी.

“हे कुणी लावलं?”

“अगं, मला नाही ठाऊक. पण तीन तक्रारी आल्यात. खालच्या कॅफेत ती नाणी घेत नाहीत म्हणे.”

“कॅफेवाले घेत नाहीत तर कागद कॅफेवर लागायला हवा. माझ्या मशीनवर का?”

ब्रेंडा हसली. “हनी, नाणी खरी आहेत हे मला माहीत आहे. पण लोकांना काय वाटतं ते मला बघावं लागतं. शुक्रवारपर्यंत क्वार्टर भर, नाहीतर मशीन हलवावं लागेल.” मग जरा थांबून, आवाज खाली आणून ती म्हणाली, “काही जण विचारत होते, तू ही नाणी आणतेस तरी कुठून?”

“बँकेतून,” शरयू म्हणाली. “तुम्ही सगळे जिथून आणता तिथून.”

चोरी पकडल्यासारखा तो खालचा आवाज तिला जास्त लागला होता. ती तरातरा कॅफेत गेली. कॉफीची वेळ होती, सहा-सात जणांची रांग. नंबर आल्यावर तिनं एक साधी कॉफी मागितली आणि काउंटरवर तीन सोनेरी नाणी ठेवली.

काउंटरवरची मुलगी गोंधळली. “सॉरी मॅम, आम्ही ही घेत नाही.”

“का?”

“मॅनेजरनं सांगितलंय. ड्रॉवरमध्ये यांना खण नाही.”

“यावर काय लिहिलंय ते वाच.”

“मॅम, मागे लोक थांबलेत.”

“थांबू देत. वाच.”

मुलीनं नाणं उचललं. “युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका,” ती पुटपुटली. “वन डॉलर.”

“मग?”

ती बिचारी लाल झाली. मागे कुणीतरी मोठ्यानं सुस्कारा सोडला, कुणीतरी हसलं. तेवढ्यात शरयूच्या खांद्यामागून हलक्या आवाजात मराठी आलं.

“काकू, जाऊ द्या ना. मी कार्डनं देतो.”

देवांग होता. पुण्याचा मुलगा, दोन वर्षांपूर्वी व्हिसावर आलेला. मंडळाच्या गणपतीत शरयूच्या हातचे बटाटेवडे मागून मागून खायचा. पहिला हिवाळा त्यानं शरयूच्या नवऱ्याचा, रवींद्रचा, जुना कोट घालून काढला होता. तो याच इमारतीत काम करतो हे तिला ठाऊक नव्हतं.

“तू कशाला देतोस? माझ्याकडे पैसे आहेत,” शरयू म्हणाली. पण रांगेतले चेहरे बघून तिनं नाणी उचलली आणि ती बाजूला झाली. देवांग तिच्या मागोमाग आला. खिडकीपाशी उभा राहून मान खाली घालून म्हणाला, “काकू, तो कागद... तो मीच लावला.”

शरयूनं हातातला कागद त्याच्यापुढे धरला.

“मला खरंच माहीत नव्हतं हो, मशीन तुमचं आहे म्हणून.”

“म्हणजे दुसऱ्या कुणाचं असतं तर चाललं असतं?”

“तसं नाही...”

“मग कसं? खोटी नाणी म्हणजे काय कळतं का तुला? पोलिस केस होते त्याची. आणि खाली स्वतःचं नावसुद्धा घातलं नाहीस!”

देवांगनं मग सगळं सांगितलं. ऑफिसातल्या पॉटलकच्या जेवणासाठी जमवलेल्या पैशांतली एक पाचाची नोट त्यानं मशीनमध्ये मोडली होती. नंतर टीमबरोबर कॅफेत आला, नाणी पुढे केली. त्या दिवशी काउंटरवर कॅफेचा मॅनेजर होता. त्यानं नाणं उजेडात धरलं आणि म्हणाला, इथे आम्ही खरे पैसे घेतो. टीम हसली. त्याचा बॉस सगळ्यात जोरात हसला.

“मग मीपण हसलो काकू. म्हटलं, मशीननंच फसवलं मला. बॉस म्हणाला, मग वॉर्निंग लावून टाक. लावली.”

“नाणं खरं आहे हे ठाऊक होतं तुला?”

देवांगनं खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाला, “घरी जाऊन गूगल केलं. तेव्हा कळलं.”

“कधी?”

“गुरुवारी.”

“आणि आज सोमवार आहे.”

शरयूनं कागदाची घडी घालून त्याच्या हातात दिली. “चल. ब्रेंडाला सांग.”

“आत्ता? काकू, प्लीज यार... सॉरी, म्हणजे... माझं एक्स्टेन्शन चालू आहे. बॉसला कळलं तर...”

व्हिसाची भीती काय असते हे शरयूला कुणी सांगायला नको होतं. रवींद्रच्या व्हिसावरच्या नोकरीच्या दिवसांत तिनं स्वतः कितीतरी ठिकाणी तोंड शिवून घेतलं होतं. एरवी ती विरघळली असती. पण काचेवरची ती काळी अक्षरं तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

“बॉसचं नाव घेऊ नकोस. तू काय केलंस तेवढंच सांग.”

तो आला. ब्रेंडापुढे उभा राहून, घाम पुसत, त्यानं सांगितलं की कागद आपण लावला, नाणी खरी आहेत आणि या बाईंचा काही दोष नाही. ब्रेंडानं ऐकून घेतलं. “किती छान, तू येऊन सांगितलंस,” ती म्हणाली. मग शरयूकडे वळली. “तर मग, शुक्रवारपर्यंत क्वार्टर?”

शरयूला आधी कळलंच नाही. “पण त्यानं आत्ताच सांगितलं ना!”

“हो हनी. पण लोकांच्या मनात आता ते बसलंय. एकेकाला कुठे समजावत बसू?”

“एक कागद लावायचा. त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. नाणी खरी आहेत, तक्रार चुकीची होती म्हणून.”

“ते जरा जास्तच होईल.”

खोटं लिहिलेलं चार दिवस सगळ्यांसमोर राहिलं ते जास्त नव्हतं, आणि खरं लिहिणं जास्त होत होतं. शरयू उठली. “क्वार्टर भरणार नाही,” ती म्हणाली. “मशीन नेते.”

रात्री जेवताना रुहीचा फोन आला. “मॉम, जस्ट यूज क्वार्टर्स! व्हॉट्स द बिग डील?” रवींद्रही भात कालवत म्हणाला, “एवढं कशाला मनाला लावून घेतेस? दोन पिशव्या क्वार्टर जास्त आणू.”

“प्रश्न क्वार्टरचा नाही,” शरयू म्हणाली. “आज क्वार्टर भरले तर उद्या सगळे म्हणतील, बघा, पकडल्यावर सुधारली.”



शुक्रवारी रवींद्रनं भाड्याचा ट्रक आणला. मशीनला पट्टे बांधताना सफाईचं काम करणारी मारिसोल बादली ठेवून जवळ आली. “दुसरं येणार का?” तिनं विचारलं. शरयूला माहीत नव्हतं. मारिसोलनं मशीन सरकवून रिकाम्या झालेल्या जागेवरची धूळ पुसून घेतली आणि बादली उचलून ती निघून गेली.

दारापर्यंत ब्रेंडा सोडायला आली. हात पुढे करून म्हणाली, “नो हार्ड फीलिंग्ज?”

बावीस वर्षांत शरयू अशा प्रश्नाला ‘नाही नाही’ म्हणत आली होती. या वेळी तिनं ब्रेंडाच्या डोळ्यांत बघितलं. “आहेत,” ती स्वच्छ इंग्रजीत म्हणाली. “व्हेरी हार्ड.”

ब्रेंडाचा हात तसाच राहिला. रवींद्र ट्रकच्या सीटवर चढता चढता खोकला.

मशीन शहराबाहेरच्या एका टायरच्या वर्कशॉपमध्ये बसवलं. तिथल्या मेकॅनिकनं पहिल्याच दिवशी विसाची नोट घेईना म्हणून मशीनला शिव्या घातल्या. मग पाचाची घातली, सोनेरी नाणी खिशात टाकली आणि चिप्स खात कामाला गेला. शरयूला बरं वाटायला हवं होतं. पण राग काही उतरला नाही. भाजी चिरतानासुद्धा ती ब्रेंडाशी मनातल्या मनात भांडत असे.

तीन आठवड्यांनी देवांगचा मेसेज आला. आधीचे दोन ‘सॉरी काकू’ तिनं वाचून तसेच सोडले होते. हा मोठा होता. नवीन मशीन आलंय, फक्त कार्डवालं. मारिसोल पाचाची नोट हातात धरून त्याच्यापुढे उभी दिसली, नोट घालायची फट शोधत होती. मी माझ्या कार्डनं तिला बिस्किटं घेऊन दिली. फार वाईट वाटलं काकू.

बँकेच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून शरयूनं ते दोनदा वाचलं. तिची कानशिलं पुन्हा तापली. तिनं चष्मा सारखा केला आणि सगळ्या प्रकारानंतर पहिल्यांदाच त्याला उत्तर लिहिलं.

‘मला कशाला सांगतोस? खाली जा, ब्रेंडाला सांग. आणि या वेळी मी बरोबर येणार नाही.’

पाठवून तिनं फोन पर्समध्ये टाकला आणि ती बँकेच्या रांगेत जाऊन उभी राहिली.